सक्तीने टायरात घातलेला कापूस किती कोस चालेल?



येत्या जिल्हा बैठकीपुढे एक ठराव येणार आहे. वाचताक्षणी टाळी पडेल असा ठराव आहे. टायर, यंत्रांचे पट्टे, पाण्याचे रबरी पाइप या मालाच्या पोटात पूर्वी कापसाची दोरी असे. कारखानदारांनी ती काढली आणि तिथे रेयॉन, नायलॉन, पॉलिस्टर घातले. कापसाचे एक मोठे गिऱ्हाईक गेले. तेव्हा धान्याच्या पोत्यांसाठी ताग जसा सक्तीचा केला, तसा रबरी मालात कापूस सक्तीचा करावा, अशी सरकारकडे मागणी करायची, असा हा ठराव.

ठराव मांडणारे आपलेच सहकारी आहेत. मोर्चात आमच्या खांद्याला खांदा लावून चाललेले, उन्हातान्हात सभांच्या सतरंज्या उचललेले. त्यांच्या हेतूबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. तरीही आम्ही या ठरावाच्या विरोधात बोलणार आहोत. बैठकीत पाच मिनिटे मिळतात आणि त्यातली दोन घोषणांमध्ये जातात. म्हणून आधीच हे कागदावर मांडतो आहोत. वाचा, आपसात बोला, आणि मग हात वर करायचा की नाही ते ठरवा.

पट्ट्याच्या पोटात काय असते?

मागच्या हंगामात ज्वारीची मळणी ऐन भरात असताना आमच्या मळणीयंत्राचा पट्टा तुटला. खळ्यावर कणसांचा ढीग, वर आभाळ भरून आलेले आणि तालुक्याचे दुकान बंद. तो सगळा दिवस हातात तुटका पट्टा घेऊन बसण्यात गेला. तुटलेले तोंड निरखून पाहिले तर आत दोऱ्यांची एक रांग दिसली. बाहेरून कापडाचे वेष्टण, मध्ये रबर, आणि सगळा भार त्या दोऱ्यांवर. दोऱ्या तुटल्या म्हणून पट्टा तुटला. रबराला काहीच झाले नव्हते.

रबरी मालाचे सारे रहस्य एवढ्यात आहे. रबर ताणले जाते, वाकते, धक्का पचवते, पाणी आत येऊ देत नाही. पण ओढ सहन करणे हे रबराचे काम नाही. नुसत्या रबराच्या टायरात हवा भरली तर तो फुग्यासारखा फुगत जाईल. हवेचा दाब आणि गाडीचा बोजा पेलतो तो रबराच्या आत लपलेला दोरा. टायरगाडीवर तुम्ही पंचवीस पोती लादता, तेव्हा ती पोती चाकातल्या हवेवर आणि ती हवा धरून ठेवणाऱ्या दोऱ्यावर उभी असतात. डोळ्यांना दिसते ते मात्र काळे रबर. शेतकऱ्यासारखीच त्या दोऱ्याची गत. भार त्याने वाहायचा, नाव दुसऱ्याचे.

१८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने हवेच्या टायरचे पेटंट घेतले, तेव्हा त्यानेही रबरी नळीवर कापड गुंडाळले होते. पुढे मोटारी आल्या, बोजा वाढला आणि टायरात जाड सुती कापडाचे थर घालू लागले. पण साध्या विणीच्या कापडात उभा धागा आडव्या धाग्याच्या खालून आणि वरून जातो. चाक फिरताना प्रत्येक फेऱ्यात हे धागे एकमेकांवर घासत. करवत चालावी तसा धागा धाग्याला कापी, घासण्याने उष्णता वाढे आणि टायर आतून फुटे. मग युक्ती निघाली की आडवा धागा जवळजवळ काढूनच टाकायचा. जाड पिळाच्या दोऱ्या एकीला एक लागून उभ्या मांडायच्या, त्या जागेवर राहाव्यात एवढ्यापुरता बारीक आडवा धागा ठेवायचा आणि प्रत्येक थर रबरात बुडवायचा. दोरी दोरीला शिवतच नाही, मधे रबर. या दोरीच्या टायरने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जुन्या कापडी टायरला मागे टाकले.

पंधरा धाग्यांचा गोफ

ही दोरी कशी वळत, ते ऐका. २३ नंबरचे सूत घ्यायचे. त्याचे पाच धागे एकत्र पिळायचे. असे तीन पदर पुन्हा एकत्र पिळायचे, आणि ते उलट दिशेने, म्हणजे पीळ उलगडत नाही. पाच त्रिक पंधरा. पंधरा धाग्यांची ही दोरी वर्षानुवर्षे टायर उद्योगाचे प्रमाण होती.

आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. अंबाडी पाण्यात कुजवून, सोलून, धुऊन, तिचे पदर वळून आपल्या आज्यांनी कासरे आणि दावी केली. लांब वाखाची दोरी घट्ट होते आणि तुटक वाखाची दोरी सुटत जाते, हे आपल्या घरात पोरालाही कळते. कापसाचेही तसेच. कापसाचा एकेक तंतू जेमतेम इंचभराचा. तो शेजारच्या तंतूला पिळाने धरून ठेवतो. तंतू लांब तर धरायला जागा जास्त. म्हणून टायरवाले आरंभी इजिप्तच्या आणि अमेरिकेतल्या सी आयलंड जातीच्या लांब धाग्याच्या कापसामागे धावले.

पण नुसता पीळ पुरत नव्हता. सुती दोरीत तीन दोष होते. एक, ती ओढ बसली की लांबत जाई. टायर वापरात वाढे आणि वरचे रबर तडकायला लागे. दुसरा, उष्णतेने तिची ताकद घटे. तिसरा, बोज्याखाली सतत वाकून वाकून ती थके. या दोषांवर उतारा म्हणून रसायनाची प्रक्रिया आली.

कॉस्टिकची आंघोळ

कापसावरच्या रासायनिक प्रक्रियेची सुरुवात टायरच्या कितीतरी आधीची आहे. इंग्लंडमधल्या लँकेशायरात जॉन मर्सर नावाचा कापड छापणारा कारागीर होता. १८४४ च्या सुमारास तो कॉस्टिक सोड्याचे तीव्र द्रावण सुती कापडातून गाळत होता. त्याच्या ध्यानात आले की गाळण्याचे कापड आकसले, दाट झाले, बळकट झाले. १८५० साली त्याने याचे पेटंट घेतले. आजही बाजारात मर्सराइज्ड सूत म्हणतात, ते त्याच्याच नावाने.

यात होते काय? बोंड फुटण्याआधी कापसाचा तंतू पाण्याने भरलेल्या नळीसारखा असतो. बोंड फुटले, ऊन लागले, की नळी सुकून चपटी होते आणि तिला वेडेवाकडे पीळ पडतात. कॉस्टिकमध्ये तोच तंतू पुन्हा फुगतो, गोल होतो, आतली रचना मोकळी होऊन नव्याने बसते. मात्र त्याला सैल सोडला तर तो लांबीत आकसतो आणि दोरी जास्तच ताणू लागते. १८९० च्या सुमारास होरेस लो याने दाखवले की ओला तंतू ओढून धरला तर त्याला रेशमासारखी चकाकी येते. टायरवाल्याला चकाकीशी देणेघेणे नव्हते. त्याला हवी होती ती त्या ताणाची दुसरी करामत. ओला, फुगलेला तंतू ताणात ठेवून धुतला आणि ताणातच वाळवला, की त्याच्या आतले कण दोरीच्या रेषेत लागतात. ताकद वाढते आणि पुढे ओढ बसल्यावर लांबणे कमी होते. बैल नांगराच्या तासात चालावेत तसे ते कण ओढीच्या दिशेने एका रांगेत उभे राहतात.

म्हणून दोरीला सुटी आंघोळ घालून चालत नसे. द्रावण, धुणे, आम्लाच्या सौम्य पाण्याने कॉस्टिक मारणे, पुन्हा धुणे, वाळवणे या साऱ्यातून दोरी ताण न सोडता गेली पाहिजे. कुठेही सैल पडली की केलेले काम वाया.

मग रबराशी जोडणी. इथे कापसाचे एक मोठे बळ होते. सुताच्या अंगावर बारीक लव असते, तंतूंची टोके बाहेर आलेली असतात. गरम रुळांमधून रबर दाबले की ही टोके रबरात रुतून बसत, धसकटे जमिनीला धरतात तशी. रेयॉनचा धागा मात्र गुळगुळीत आणि अखंड, त्याच्यावर रबर धरेना. त्यासाठी १९३० च्या दशकात ड्यू पाँ कंपनीच्या संशोधकांनी रिसॉर्सिनॉल, फॉर्मल्डिहाइड आणि रबराचा चीक यांचे मिश्रण काढले. धागा त्यात बुडवून भट्टीत वाळवला की रबराशी पक्का जडतो. आजही टायर आणि पट्ट्यातल्या नायलॉन-पॉलिस्टरच्या दोऱ्या मुख्यतः याच घराण्यातल्या मिश्रणांत बुडवतात.

इथे थोडे थांबा आणि विचार करा. कापसाला जे निसर्गाने दिले होते, ते रेयॉनला नव्हते. ते माणसाने प्रयोगशाळेत तयार केले. कापूसवाले आपल्या देणगीवर खूश होऊन बसले. रेयॉनवाल्यांनी आपली उणीव भरून काढली.

कापूस हरला तो कुठे?

आपल्या ठरावकर्त्या सहकाऱ्यांचे म्हणणे आहे की कारखानदारांनी कट करून कापूस बाहेर काढला. कटकारस्थाने होतात, नाही असे नाही. आपण ती भोगली आहेत. पण इथे कापूस आधी रस्त्यावर हरला.

सुती दोर ओला झाला की ताकदवान होतो. ओला सुती दोर हाताने तुटत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. उलट रेयॉन ओला झाला की त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाते. मैदान ओले असते तर कापूस जिंकला असता. पण टायरचे पोट म्हणजे बंद भट्टी. चाक वेगाने फिरते, उष्णता वाढते आणि दोरीतला ओलावा निघून जातो. कोरड्या गरमीत कापूस मऊ पडतो आणि रेयॉन टिकून राहतो. दुसऱ्या महायुद्धात जपानने आग्नेय आशियातले रबराचे मळे घेतले आणि अमेरिकेला कृत्रिम रबर वापरावे लागले. हे रबर जास्त तापे. लष्कराचे ट्रक, मोठा बोजा, कृत्रिम रबर. या तिन्हींनी मिळून कापसाची बाजू पाडली. सरकारने रेयॉनच्या दोऱ्याचे कारखाने वाढवले.

तेव्हा तिकडचा कापूसवाला गप्प बसला होता काय? मुळीच नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कापूस राज्यांचा त्या काळी संसदेत दरारा होता. त्यांनी आवाज उठवला. न्यू ऑर्लिन्स शहरात सरकारने कापसासाठी मोठी प्रयोगशाळा उभी केली होती. १९३८ च्या कायद्याने निघालेल्या चार प्रादेशिक प्रयोगशाळांपैकी ती एक. तिथे कोणत्या जातीच्या कापसाची दोरी जास्त टिकते हे तपासले, कापूस उष्णतेला आणि कुजण्याला कसा तोंड देईल यावर काम केले. कापसाला अंशतः असिटिक आम्लाची जोड दिली तर तो गरमी जास्त सोसतो, हे तिथेच पक्के झाले. इस्त्रीच्या मोठ्या यंत्रांवरच्या आवरणांना त्या कापसाचा उपयोग झालाही. टायरला मात्र उशीर झाला होता. युद्धातच विमानांच्या टायरात नायलॉन शिरले होते. पुढे मोटारींच्या टायरात नायलॉन, मग पॉलिस्टर आणि पोलादी तार आली. रेयॉनवाल्यांनाही आपली जागा सोडावी लागली.

आपल्याकडेही असेच घडले. मुंबईत टायरचे कारखाने होते आणि कल्याणजवळ शहाड-मोहने भागात रेयॉनचे कारखाने उभे राहिले, त्यांनी टायरचा दोरा काढला. पुढे नायलॉनने तोही मागे टाकला.

आणि गंमत पाहा. रेयॉन म्हणजे तरी काय? लाकडाचा लगदा, काही वेळा तर सरकीवरची लव. म्हणजे कापूस ज्या द्रव्याचा बनलेला आहे, तेच द्रव्य. ते रसायनात विरघळवायचे आणि बारीक छिद्रातून अखंड धागा ओढायचा. सरकीवरची लव कवडीमोलाने घेऊन कुणी तिचा असा धागा ओढला की जो आपल्या लांब रुईला बाजारातून उठवतो! मालात फरक नव्हता. फरक होता मालावर केलेल्या कामात. शेतातून निघालेली वस्तू तीच, किंमत मात्र तिच्यावर कोण किती अक्कल खर्च करतो यावर ठरली.

एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर

आणखी एक गोष्ट सांगतो. ठरावावर हात वर करण्याआधी ती प्रत्येकाने ऐकावी.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेतल्या टायर कंपन्यांना लांब धाग्याचा कापूस मिळेना. सी आयलंड कापूस बोंडातल्या सोंडकिड्याने खाल्ला, इजिप्तचा कापूस युद्धाने अडवला. तेव्हा गुडइयर कंपनीने १९१६-१७ च्या सुमारास ॲरिझोनाच्या वाळवंटी खोऱ्यात हजारो एकर जमीन घेऊन स्वतःच इजिप्शियन जातीचा कापूस लावला. त्या कंपनीच्या नावाचे गाव तिथे आजही आहे. भाव चढला. पौंडाला डॉलरच्या वर गेला. मग त्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना धीर निघेना. वैरणीचे घासाचे रान नांगरले, दुभती जनावरे विकली आणि जिकडे तिकडे कापूस पेरला. घरात दूध देणारी म्हैस विकून आपणही कधी असे केले आहे की नाही, ते ज्याचे त्याने मनाशी विचारावे.

१९२० साली युद्धानंतरची मंदी आली. टायर खपेनात. गिऱ्हाईक एकच होते, ते थांबले. भाव पार कोसळला. वेचणीसाठी मेक्सिकोतून आणलेले हजारो मजूर मजुरीवाचून अडकून पडले. वैरण नव्हती, जनावर नव्हते आणि घरात न विकलेला कापूस.

या कापसाला कुणी कमी प्रतीचा म्हटले नव्हते. जगातल्या उत्तम कापसात त्याची गणना होती. पण ज्या शेतकऱ्याच्या मालाला एकच दार आहे, त्याचे नशीब त्या दाराच्या कडीवर टांगलेले असते. आज आपण ज्वारी मोडून सगळ्या रानात कपाशी लावतो, तेव्हा आपल्या घरातला कडबा आणि भाकरी दोन्ही त्या कडीला बांधतो. एवढे ध्यानात राहिले तरी ॲरिझोनाच्या शेतकऱ्याचे नुकसान आपल्या उपयोगी पडले म्हणायचे.

सक्ती झाली तर?

आता मुद्द्याचे. समजा सरकारने आपला ठराव मानला. टायरात आणि पट्ट्यात अमुक टक्के कापूस घाला, असा कायदा आला. पुढे काय होईल?

पहिली गोष्ट, ते टायर घेणार कोण? ट्रॅक्टरचा टायर आपण घेतो. टायरगाडीचा टायर आपण घेतो. मळणीयंत्राचा, कडबाकुट्टीचा पट्टा आपण घेतो. कापसाची दोरी नायलॉनपेक्षा कमजोर, म्हणून ती जास्त जाड आणि जास्त थरांची घालावी लागेल. टायर जड, महाग आणि कमी चालणारा होईल. म्हणजे कापसाला दोन रुपये जास्त मिळावेत म्हणून टायरला वीस रुपये जास्त मोजायचे, आणि ते आपल्याच खिशातून. रोग म्हशीला आणि इलाज पखालीला, तो असा. शिवाय भरधाव एसटीच्या चाकाखाली कमजोर दोरी घालून आपलीच माणसे त्यात बसवायची, हे आपल्याला शोभेल काय?

दुसरी गोष्ट, तागाचा दाखला. १९८७ च्या कायद्याने धान्य आणि साखरेच्या पॅकिंगसाठी तागाची सक्ती झाली. ती पोती मोठ्या प्रमाणावर सरकारच धान्यखरेदीसाठी घेते. तिथे गिऱ्हाईक सरकार आहे. टायरचे गिऱ्हाईक सरकार नाही. आणि तो कायदा पोत्याला गिऱ्हाईक मिळवून देतो. ताग पिकवणाऱ्याच्या पदरात किती पडावे, हे तो कायदा ठरवत नाही.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट. ज्या दिवशी सरकार कारखान्याला सांगेल की कापूस वापरलाच पाहिजे, त्याच दिवशी कारखानदार सरकारला सांगेल की मग तो आम्हाला स्वस्त मिळालाच पाहिजे. त्यांचे म्हणणे दिल्लीत लवकर ऐकू जाते. मग निर्यातबंदी येईल. ही काल्पनिक भीती नाही. मार्च २०१२ मध्ये केंद्र सरकारने एका फटक्यात कापसाची निर्यात बंद केली होती. आरडाओरड झाली म्हणून आठवड्याभरात ती मागे घ्यावी लागली, पण तेवढ्यात बाजाराला जो धक्का बसायचा तो बसलाच. सक्तीचे हत्यार आपण सरकारच्या हातात दिले, तर ते कुणाच्या मानेवर चालेल?

आणि सक्तीचा अनुभव आपल्याला नवा आहे काय? १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी आली, तीही शेतकऱ्याच्या भल्याच्या नावाने. पुढे शेजारच्या राज्यात भाव चांगला असला तरी आपला कापूस सीमेवर अडवला जाई. आपल्याच मालाचे चोर म्हणून आपण रात्री बैलगाड्या हाकल्या. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांनी दुसऱ्यावर सक्ती मागताना दहा वेळा विचार करावा.

मग मागायचे काय?

नुसता विरोध करून आम्ही थांबणार नाही. कापसाच्या दोरीच्या या गोष्टीतून एक मागणी सरळ निघते. ती अशी की आमच्या कापसाची ताकद मोजा आणि त्या ताकदीचे दाम द्या.

हमीभाव ठरतो तो धाग्याच्या लांबीवर आणि तलमपणावर. मध्यम धागा म्हणजे २४.५ ते २५.५ मिलिमीटर, तलमपणा ४.३ ते ५.१. लांब धागा म्हणजे २९.५ ते ३०.५ मिलिमीटर, तलमपणा ३.५ ते ४.३. खरेदीच्या वेळी ओलावाही पाहतात. पण तंतू किती ओढ सोसतो, त्याचा या मोजमापात उल्लेख नाही. केंद्रावर ग्रेडर मूठभर कापूस हातात घेतो, दोन बोटांनी ओढून बघतो आणि चिठ्ठीवर आकडा टाकतो. आपल्या वर्षभराच्या घामाचे मोल त्या दोन बोटांत. दोरी वळणाऱ्याला, पट्ट्याचे कापड विणणाऱ्याला, ताडपत्री करणाऱ्याला जो गुण सर्वांत आधी हवा, तोच गुण आपण फुकट देतो.

हा गुण मोजणारी यंत्रे आहेत. गिरणीत गाठ गेली की तिथे लांबी, तलमपणा आणि ताकद, तिन्ही एकाच यंत्रावर मिनिटभरात मोजतात. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापूस तंत्रज्ञानाची सरकारी प्रयोगशाळा आहे. म्हणजे घेणाऱ्याला आपल्या मालाची कुंडली ठाऊक असते आणि विकणाऱ्यालाच ती ठाऊक नसते. ज्या सौद्यात एकाचे डोळे उघडे आणि दुसऱ्याचे बांधलेले, त्याला बाजार म्हणत नाहीत. म्हणून ठराव करायचाच तर आम्ही सुचवतो तो असा:

एक, प्रत्येक मोठ्या बाजार समितीत कापसाची ताकद मोजणारे यंत्र बसवावे आणि त्याची चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात द्यावी.

दोन, खरेदीच्या प्रतवारीत ताकदीचा समावेश करून त्याप्रमाणे भावात फरक ठेवावा.

तीन, माटुंग्याच्या संस्थेने आपल्या कोरडवाहू भागातला मध्यम धागा पट्ट्याचे वेष्टण, पाण्याचे पाइप, ताडपत्री अशा मालाला कोणत्या प्रक्रियेनंतर चालतो, याचे प्रयोग करून निकाल मराठीत छापावेत. पट्ट्याच्या वेष्टणात आजही सुती किंवा सूत-पॉलिस्टर मिश्र कापड चालते. तिथे उष्णता टायरइतकी नाही आणि रबराला धरण्याचा कापसाचा जुना गुण कामी येतो. कापसाची जागा जिथे शिल्लक आहे, तिथे ती पक्की करा.

चार, कापसाच्या निर्यातीवर कोणत्याही निमित्ताने बंदी घालू नये.

आणि एक मागणी स्वतःकडे. वेचणी करताना पहिल्या वेच्याचा कापूस आणि कवडी एका ढिगात टाकू नका. चार जातींचा कापूस एका गाडीत भरू नका. पंधरा धाग्यांची दोरी सर्वांत कमजोर ठिकाणी तुटते. आपल्या गाडीचा भावही सर्वांत कमजोर मुठीवरून ठरतो. गावातल्या दहा-वीस घरांनी एकच जात लावली, वेगळी वेचली, एकत्र जिनिंग करून स्वतंत्र गाठी बांधल्या, तर त्या गाठींची चिठ्ठी घेऊन आपल्याला गिऱ्हाइकाशी बोलता येईल. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांना कायद्याने २००३ पासून वाट मोकळी आहे.

कुणी उत्साही कार्यकर्ता म्हणेल, मग आपणच गावात कॉस्टिकची टाकी का घालू नये? त्यालाही आम्ही सबुरीचा सल्ला देतो. या प्रक्रियेला धुण्यासाठी अफाट पाणी लागते, आणि आपल्या तालुक्यात मार्चनंतर माणसाला पाणी नाही. कॉस्टिक डोळ्यात उडाले तर डोळा जातो. फॉर्मल्डिहाइडची वाफ कर्करोगाला कारण होते, हे सिद्ध झाले आहे. सांडपाणी ओढ्यात सोडून गावाची विहीर नासवायची आणि त्याला ग्रामोद्योग म्हणायचे, असले पुण्य आपल्याला नको. प्रक्रिया करणारा ती नीट सोयींनी करो. त्याला हवी तशी रुई मोजून-मापून देणे आणि तिचे पुरते दाम घेणे, हे आपले काम.

पीळ जाऊ देऊ नका

आपल्याकडे म्हणतात, सुंभ जळतो पण पीळ जात नाही. टायरच्या भट्टीत कापसाचा सुंभ जळाला हे कबूल करायला आपल्याला लाज वाटण्याचे कारण नाही. त्याने जवळजवळ पन्नास वर्षे जगाच्या मोटारी पोटावर वाहिल्या. ज्या कामात तो मागे पडला, त्या कामात त्याला कायद्याच्या कुबड्या देऊन उभे करणे हा त्याचा सन्मान नव्हे.

कापूस हरला, कारण त्याच्या मालकाला त्याची ताकद मोजता आली नाही आणि दुसऱ्यांनी आपल्या मालाची उणीव मोजून भरून काढली. पुढच्या वेळी कुणी आपल्या रुईची किंमत दोन बोटांनी ठरवू लागला, तर त्याच्यासमोर ताकदीची चिठ्ठी ठेवायची तयारी करू या.

बैठकीत सक्तीचा ठराव आला की आम्ही उठून विरोध करू. ताकदीच्या दामाचा ठराव आम्ही मांडू. तुम्हाला पटले तर हात वर करा. नाही पटले तर उभे राहून आमचे कुठे चुकते ते सांगा. सतरंजी आपलीच आहे, रात्र मोकळी आहे.